पाठवलं, पाठवलंय, पाठवलं होतं : इंग्रजी व्याकरण नक्की कुठून धरायचं?

द्राक्षवेल | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बरेच महिने वाचनमात्र होते, पहिलाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

मी दिंडोरी तालुक्यातल्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये काम करते. बी.कॉम. झालंय, शिक्षण सगळं मराठी माध्यमातून. आधी बिलिंग बघायचे. या हंगामापासून एक्सपोर्टची कागदपत्रं आणि बाहेरच्या खरेदीदारांचे मेल माझ्याकडे आलेत. इंग्रजी वाचून समजतं, पण लिहायला बसलं की वाक्यावाक्याला अडायला होतं.

गेल्या आठवड्यात कंटेनर निघाल्याचा मेल केला : "वी हॅड डिस्पॅच्ड द कंटेनर यस्टरडे." काल कंटेनर पाठवला होता, असंच म्हणतो ना आपण? पलीकडून उत्तर आलं, "हॅज समथिंग हॅपन्ड टू इट?" आता याला काय झालं असणार! कंटेनर न्हावाशेवाला सुखरूप पोचलेला. शेवटी आमच्या साहेबांनी फोन करून निस्तरलं.

व्याकरणाचं एक पुस्तक आणलंय. उघडल्या उघडल्या बारा काळांचा तक्ता. तो पाठ केलाय, झोपेतून उठवून विचारलं तरी म्हणून दाखवीन. मेल मात्र लिहिता येत नाही. मुलं झोपल्यावर रोज तासभर काढू शकते. मूलभूत नियम कोणते, आणि आधी काय, नंतर काय, हे कुणी सांगेल का?

अळूवडी | सोमवार, रात्री ९:५८

पुस्तक रद्दीत घाला. मराठी शिकताना कर्ता-कर्म-क्रियापद शिकला होतात का आधी? आमच्या टीममध्ये अर्धे जण मराठी माध्यमवाले. कुणी व्याकरण उघडलेलं नाही, रोज परदेशी क्लाएंटशी कॉल होतात, काही अडत नाही. बोलायला लागा, ऐका, चुका, येईल आपोआप.

तिरकसराव | सोमवार, रात्री १०:०५

आपोआप आलं असतं तर बाईंचा कंटेनर मेलमधून आपोआप गायब झाला नसता.

खडीसाखर | सोमवार, रात्री १०:११

धाग्याला स्टार मारून ठेवलाय. मुलगी सेमी इंग्रजीत चौथीला आहे आणि ती मला विचारते, आई इथे 'अ' का नि 'द' का. मी म्हणते, बाईंना विचार.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी ६:३०

द्राक्षवेल ताई, तो तक्ता आधी मिटवून ठेवा. मी सातारा जिल्ह्यात हायस्कूलवर इंग्रजी शिकवलं, आता निवृत्त आहे. तक्ता घडाघडा म्हणणारी आणि 'काल मी आजारी होतो' लिहिताना घाम फुटणारी मुलं वर्षानुवर्षं पाहिली आहेत.

तुमचं वाक्य फसलं ते तक्ता कच्चा म्हणून नाही. तक्त्यात 'हॅड' आणि तिसऱ्या रूपासमोर 'होता' लिहिलेलं असतं. तुम्ही ते इमानदारीत वापरलंत. गोची तिथेच आहे.

आपण 'होता' कुठेही वापरतो. काल नाशिकला गेले होते. परवा पाऊस पडला होता. दुपारी मावशीचा फोन आला होता. यातलं एकही वाक्य इंग्रजीत 'हॅड'ने होत नाही. "आय वेंट टू नाशिक यस्टरडे." "इट रेन्ड द डे बिफोर यस्टरडे." "माय आंट कॉल्ड धिस आफ्टरनून." सगळा साधा भूतकाळ. इंग्रजीतल्या 'हॅड'ला भूतकाळातलीच दुसरी एखादी घटना सोबतीला लागते, आणि 'हॅड'वालं काम तिच्या आधी उरकलेलं असावं लागतं. "द बस हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड द स्टँड." स्टँडवर पोचणं होऊन गेलेलं, बस सुटणं त्याच्याही आधीचं. तुम्ही "वी हॅड डिस्पॅच्ड" म्हणून पूर्णविराम दिलात. वाचणाऱ्याला वाटलं, पाठवला होता, पण मग पुढे काहीतरी झालं. ते काय झालं, एवढंच त्याने विचारलं.

म्हणून 'हॅड' लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं : कशाच्या आधी? उत्तर त्या वाक्यात किंवा त्याच्या मागच्या वाक्यात सापडलं तर ठेवा, नाहीतर खोडा. तुमच्या कामाच्या मेलमध्ये दहातले नऊ 'हॅड' खोडले जातील.

'आहे'चं गणित वेगळं आहे. कंटेनर पाठवलाय, म्हणजे त्याचा परिणाम आत्ता शिल्लक आहे, तो वाटेवर आहे. "वी हॅव डिस्पॅच्ड द कंटेनर." कधी, ते सांगायचं नाही. दिवस किंवा वेळ सांगितलीत, यस्टरडे, लास्ट वीक, ॲट फोर ओ'क्लॉक, की लगेच साध्या भूतकाळात यायचं. "वी डिस्पॅच्ड द कंटेनर यस्टरडे." हे तर मराठी कानालाही पटतं. 'मी काल जेवलो आहे' असं आपण कुठे म्हणतो?

अळूवडी | मंगळवार, सकाळी ९:१५

मास्तर, जेवलो आहे नाही म्हणत, पण 'अरे कालच पाठवलंय तुला' हे रोज म्हणतो. 'फॉर्म परवाच भरलाय.' त्यामुळे मराठी कानावर विसंबलं तर "आय हॅव सेंट इट यस्टरडे"च बाहेर पडणार. आमच्या ऑफिसात तर तसंच पडतं.

पाटीपेन्सिल | मंगळवार, सकाळी १०:०२

खरं आहे, 'कालच' म्हटलं की मराठीत चालून जातं. मग कान बाजूला ठेवू आणि डोळ्यांनी बघू. वाक्यात संपलेली वेळ सांगणारा शब्द दिसला की 'हॅव' काढायचं. 'टुडे' आणि 'धिस वीक' अजून संपलेले नाहीत, त्यांच्यासोबत 'हॅव' चालतं.

मासकाठची | मंगळवार, दुपारी १:३०

मी रॉटरडॅमला राहते, नवरा बंदराशी संबंधित कामात आहे. तेव्हा या कंटेनरांशी आमचं दुरून का होईना नातं आहे!

गंमत सांगते. "आय हॅव सेंट इट यस्टरडे" हे वाक्य मी इथल्या डच लोकांच्या तोंडून कायम ऐकते. डच भाषेत कालच्या गोष्टीलाही 'हॅव'सारखंच रूप चालतं, ते तसंच इंग्रजीत उतरतं. दुसरं म्हणजे, 'मी इथे २०१९ पासून काम करते' हे डचमध्ये मराठीसारखंच साध्या वर्तमानकाळात म्हणतात. मग बाहेर पडतं "आय वर्क हिअर सिन्स २०१९". अगदी आपल्यासारखी चूक. ताईंचा खरेदीदार डच असेल तर त्यालाही इंग्रजी शिकूनच आलेलं आहे. 'अ' आणि 'द' चुकलं म्हणून तो हसणार नाही. पण कंटेनर निघाला की नाही, पैसे कुणी कुणाला द्यायचे, तारीख कोणती, यात संदिग्धता असली तर तो लगेच फोन उचलणार.

अळूवडी, कॉलवर चालून जातं कारण कॉलवर समोरचा तिथल्या तिथे विचारतो. मेल एकटा जातो.

द्राक्षवेल | मंगळवार, रात्री ९:५०

मास्तर, खूप आभार. जुने पाठवलेले मेल उघडून 'कशाच्या आधी?' विचारत बसले. दोनच 'हॅड' वाचले, बाकी सगळे गेले.

मासकाठची ताई, तुम्ही म्हणालात ते 'पासून'. मी बायोडेटामध्ये "आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स" लिहिलंय. त्यात काय चुकतं?

मासकाठची | मंगळवार, रात्री १०:२०

दोन गोष्टी. तेव्हा सुरू झालेलं काम अजून चालू असेल तर "आय हॅव बीन वर्किंग". आणि 'पासून' या एका शब्दासाठी इंग्रजीत दोन आहेत. सुरुवातीचा बिंदू सांगायचा असेल तर 'सिन्स' : सिन्स २०१९, सिन्स मंडे, सिन्स दिवाळी. मधला काळ मोजून सांगायचा असेल तर 'फॉर' : फॉर फाइव्ह इयर्स, फॉर टू अवर्स. "आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स."

जरीकाठ | मंगळवार, रात्री ११:०५

मी सरळसेवेची तयारी करतोय. आमच्याकडे हे सगळं 'स्पॉट द एरर'मध्ये येतं, 'सिन्स-फॉर' तर हमखास. पण जास्त वेळ जातो तो "नो सूनर... दॅन", "हार्डली... व्हेन", आणि कर्तरीचं कर्मणी करा यात. हे खऱ्या आयुष्यात लागतं का कुठे?

तिरकसराव | मंगळवार, रात्री ११:१२

रामाने रावणाला मारले. रावण रामाकडून मारला गेला. पिढ्यानपिढ्या आमच्या वर्गात तो बिचारा कर्मणीत मरतोय.

पाटीपेन्सिल | बुधवार, सकाळी ६:४५

जरीकाठ, "नो सूनर" परीक्षेपुरतं. गुण देतं, घेऊन टाका. कर्मणीला मात्र नावं ठेवू नका. ती रावणावर वाया घालवली ही आम्हा मास्तरांची करणी. धंद्याच्या पत्रात तिच्यावाचून पान हलत नाही. "द शिपमेंट वॉज डिलेड." कुणी उशीर केला ते सांगायचं नाही, किंवा सांगण्यात अर्थ नाही, तेव्हा ती वापरायची. मराठीत आपण 'उशीर झाला' म्हणून मोकळे होतो, तेच हे.

ताई, आता दुसरा पल्ला. 'डू'.

मराठीत प्रश्न करायला शेवटी 'का' जोडला की झालं. नकाराला 'नाही'. वाक्य जागचं हलत नाही. इंग्रजीत मात्र प्रश्नाला आणि नकाराला एक हमाल बोलवावा लागतो, डू, डझ किंवा डिड, आणि काळाचं ओझं तो एकटा उचलतो. त्याने उचललं की मूळ क्रियापद रिकाम्या हाताने चालतं. "यू सेंट द इन्व्हॉइस." "डिड यू सेंड द इन्व्हॉइस?" इथे 'सेंट' पुन्हा येत नाही, कारण भूतकाळ 'डिड'कडे गेला. "शी चेक्स द लेबल्स." "डझ शी चेक द लेबल्स?" तो शेवटचा 'स' उडून 'डझ'मध्ये जाऊन बसला. "ही डझन्ट नोज" चुकीचं का, हे यातून आपसूक कळतं. वाक्यात 'इज', 'आर', 'हॅव सेंट', 'विल', 'कॅन' यांपैकी काही आधीच असेल तर हमाल लागत नाही, तेच उठून पुढे येतात : "इज द ट्रक रेडी?", "हॅव यू सेंट द रिपोर्ट?"

एक सापळा खास मेलवाल्यांसाठी. "प्लीज कन्फर्म व्हेन विल यू लोड द कंटेनर." चूक. वाक्याची सुरुवात 'प्लीज कन्फर्म'ने झाली, म्हणजे पुढचा भाग आता सरळ प्रश्न राहिला नाही, पोटात गेला. पोटातल्या प्रश्नाची उलथापालथ करायची नाही : "प्लीज कन्फर्म व्हेन यू विल लोड द कंटेनर." तसंच "आय डोन्ट नो व्हेअर इज ही" नाही, "व्हेअर ही इज". चांगल्या शिकलेल्या, मोठ्या हुद्द्यावरच्या माणसांच्या पत्रांतही ही चूक ठायी ठायी असते.

खडीसाखर | बुधवार, सकाळी ११:४०

सर, 'अ' आणि 'अन' घ्या ना! मुलीला सांगितलं ए-ई-आय-ओ-यू असेल तर 'अन', तर तिने "अन युनिफॉर्म" लिहिलं आणि बाईंनी लाल गोल केला.

पाटीपेन्सिल | बुधवार, दुपारी ४:१०

तिला सांगा, तो शब्द देवनागरीत लिही. देवनागरीत पहिलं अक्षर स्वर आलं, अ-आ-इ-ई पासून औ पर्यंत काहीही, तर 'अन'. व्यंजन आलं तर 'अ'. युनिफॉर्म 'य'ने सुरू, म्हणून "अ युनिफॉर्म". 'अवर' म्हणजे तास, 'अ'ने सुरू, "अन अवर", स्पेलिंगमध्ये पहिलं 'एच' असलं तरी. "वन-डे मॅच" 'व'ने, म्हणून "अ वन-डे मॅच". इंग्रजी मुलांना हे उच्चारावरून ओळखावं लागतं. आपली लिपीच उच्चाराची, आपल्याला लिहून दिसतं.

द्राक्षवेल ताई, तुमच्या कागदांतली उदाहरणं : "अन एनओसी", "अन एफओबी प्राइस", "अ सीआयएफ प्राइस", "अ युरो", "अ यूएस बायर".

खडीसाखर | बुधवार, दुपारी ४:३२

वा! हे आजच शिकवते. पण मग वर्ष म्हणजे 'इयर', ते "अन इयर"?

पाटीपेन्सिल | बुधवार, दुपारी ४:५५

तिथे आपला उच्चार दगा देतो. वर्षाचा शब्द 'य'ने सुरू होतो, 'यिअर'. तो 'य' अगदी बारीक असतो, आपण गिळतो. म्हणून "अ यिअर". "अन इअर" म्हणजे एक कान.

तिरकसराव | बुधवार, सायंकाळी ५:०१

हॅपी न्यू कान.

अळूवडी | बुधवार, रात्री ८:२०

बरं, 'अन' समजलं, पण 'द' कधी लावायचा नि कधी नाही? मी अजून अंदाजपंचे लावतो. क्लाएंट काही बोलत नाही म्हणून चाललंय.

पाटीपेन्सिल | गुरुवार, सकाळी ६:२०

(व्याकरण रद्दीत घालणारे परत आले, बरं वाटलं.)

आजीची गोष्ट आठवा. एक राजा होता. त्या राजाला दोन राण्या होत्या. पहिल्यांदा 'एक', मग 'तो'. इंग्रजीचं मूळ तत्त्व हेच : ऐकणाऱ्याला अजून माहीत नाही तिथे 'अ', आणि कोणता ते त्याला कळलंय तिथे 'द'. "वी हॅव लोडेड अ कंटेनर. द कंटेनर विल रीच न्हावाशेवा टुमॉरो." फरक एवढाच की मराठीत 'एक' आणि 'तो' आपण बहुतेक वेळा गाळतो, 'गाडी आली', 'डबा विसरला', आणि चालतं. इंग्रजीत मोजता येण्याजोगी एकच वस्तू असेल तर तिला उघडं सोडता येत नाही. 'अ', 'द', 'माय', 'धिस', काहीतरी पुढे लागतंच. "प्लीज सेंड कॉपी" नाही. "अ कॉपी" किंवा "द कॉपी", यातलं कोणतं हे समोरच्याला माहीत आहे का यावर.

काही शब्द मोजता येत नाहीत असं इंग्रजीने ठरवून टाकलंय. माहिती, सल्ला, सामान. इन्फॉर्मेशन, ॲडव्हाइस, लगेज, इक्विपमेंट, फर्निचर. यांना 'अ'ही नाही आणि शेवटी 'स'ही नाही. मराठीत सल्ले असतात, इंग्रजीत 'ॲडव्हायसेस' नसतात.

'द'चे याहून पुढचे बारकावे, नद्या, पर्वत, वर्तमानपत्रं, देश, यांची यादी पाठ करायला सध्या जाऊ नका. वाचता वाचता बसतात.

जरीकाठ | गुरुवार, दुपारी १२:१५

मी एक शोध लावलाय. वेळेसाठी इन-ऑन-ॲट. मराठीत बघा : सोमवारी, ऑन मंडे. पाच वाजता, ॲट फाइव्ह. मे महिन्यात, इन मे. म्हणजे शेवटी 'ई' आली तर 'ऑन', 'वाजता'ला 'ॲट', 'त'ला 'इन'. पेटंट घेऊ का?

मासकाठची | गुरुवार, दुपारी २:४०

सकाळी : इन द मॉर्निंग. रात्री : ॲट नाइट. २०१९ साली : इन २०१९. पाच तारखेला : ऑन द फिफ्थ. पेटंट नामंजूर.

घड्याळाची वेळ 'ॲट', दिवस आणि तारीख 'ऑन', त्याहून मोठं काहीही, महिना, वर्ष, ऋतू, 'इन'. सकाळ-दुपार-संध्याकाळ 'इन द', रात्र 'ॲट'. बाकी शब्दयोगी अव्ययांना तर्क लावायला जाऊ नका, क्रियापदासोबत जोडीनेच लक्षात ठेवा. आपण 'तिचं लग्न राजूशी झालं' म्हणतो म्हणून "मॅरीड विथ" लिहितो, इंग्रजीत "मॅरीड टू". 'माझ्यावर चिडला', तर "अँग्री ऑन मी" नाही, "अँग्री विथ मी". आणि 'याविषयी चर्चा करू' म्हणून "डिस्कस अबाउट" लिहू नका. 'डिस्कस'मध्ये 'विषयी' आधीच आहे. "वी विल डिस्कस द प्राइस."

द्राक्षवेल | गुरुवार, रात्री १०:१०

मला वेगळीच अडचण येते. मराठीत वाक्य 'मला'ने सुरू झालं की इंग्रजीत काय करायचं ते कळत नाही. मला ताप आलाय, मला दोन मुलं आहेत, मला जायचंय, मला हे माहीत आहे.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, सकाळी ७:००

फार चांगला प्रश्न. बहुतेक पुस्तकांत हा नसतो, कारण ती इंग्रजीकडून लिहिलेली असतात, मराठीकडून नाही.

'मला आंबे आवडतात.' इथे 'आवडतात' अनेकवचनी कुणामुळे? आंब्यांमुळे. मराठीत आंबे कर्त्याच्या जागी आहेत आणि आपण नुसते 'मला'. इंग्रजीत माणूस पुढे येतो आणि क्रियापद त्याच्याप्रमाणे चालतं. "शी लाइक्स मँगोज." मँगोज कितीही असोत, 'स' तिच्यामुळे लागला. भूतकाळातही तेच. सीताने पत्र लिहिलं, सीताने चिठ्ठी लिहिली, सीताने निबंध लिहिला : मराठीत क्रियापद लिहिलेल्या वस्तूकडे बघून तीनदा कपडे बदलतं. इंग्रजीत तिन्हीकडे "सीता रोट".

तेव्हा 'मला' दिसलं की 'मी'चं वाक्य करायचं, 'आय'ने सुरू. मग तुमच्या चारांची उत्तरं : "आय हॅव अ फीवर." "आय हॅव टू चिल्ड्रन." "आय वॉन्ट टू गो", आणि जाणं भाग असेल तर "आय हॅव टू गो". मराठीत दोन्हीला 'जायचंय' चालतं, इंग्रजीत मनाची इच्छा आणि नाइलाज वेगळे लिहावे लागतात. खरेदीदाराला "वी वॉन्ट टू इन्क्रीज द प्राइस" लिहिणं आणि "वी हॅव टू इन्क्रीज द प्राइस" लिहिणं यात किती अंतर आहे बघा.

चौथं, "आय नो धिस". "आय ॲम नोइंग" नाही. आणि "आय ॲम हॅविंग टू चिल्ड्रन" तर मुळीच नाही, त्याचा अर्थ जुळं होणार असाही होऊ शकतो. 'इंग' लागतं ते घडत असलेल्या क्रियेला. असणं, माहीत असणं, समजणं, आवडणं, हवं असणं, या स्थिती. मराठीत 'मला समजतंय', 'मला वाटतंय' म्हणतो म्हणून हात वळवळतो. "आय अंडरस्टँड." "आय थिंक."

तिरकसराव | शुक्रवार, सकाळी ९:३०

मास्तर, एवढं सगळं जर मराठीशी ताडून बघायचं तर आधी मराठी व्याकरण यायला हवं. तिथेच आमची बोंब.

पाटीपेन्सिल | शुक्रवार, सकाळी ११:१५

येतं तुम्हाला, नावं विसरलात फक्त. नाम, सर्वनाम, विशेषण, क्रियापद, क्रियाविशेषण, शब्दयोगी, उभयान्वयी, केवलप्रयोगी. याच आठ जाती इंग्रजीतही शिकवतात. हा योगायोग नव्हे. दादोबा पांडुरंग तर्खडकरांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण छापलं ते इंग्रजी व्याकरणाचा साचा समोर ठेवून. म्हणजे शाळेत मराठीच्या तासाला तुम्ही अर्धं इंग्रजी व्याकरणच शिकत होतात.

अळूवडी | शुक्रवार, दुपारी १:०५

हे कुणी शाळेत का सांगितलं नाही? माझं मत थोडं बदललंय. थोडंच. बोलण्याशिवाय जीभ वळत नाही यावर मी ठाम आहे. ताई, आपण लिहिलेला मेल पाठवण्याआधी मोठ्याने वाचत जा, अडखळतं तिथे काहीतरी चुकलेलं असतं.

मासकाठची | शुक्रवार, दुपारी ३:२०

याला माझं अनुमोदन. आणि एक, व्याकरणातलं नाही तरी सांगते. "काइंडली डू द नीडफुल" लिहू नका. व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण इथल्या माणसाला नक्की काय करायचं ते कळत नाही. पैसे पाठवायचे, सही करायची की कागद तपासायचे, ते थेट लिहा. "टुडे मॉर्निंग"सुद्धा आपल्या 'आज सकाळी'चं भाषांतर आहे, इकडे "धिस मॉर्निंग" म्हणतात.

द्राक्षवेल | शनिवार, रात्री ९:२०

आज लॅबला करायचा मेल स्वतः लिहिला. पाठवण्याआधी इथे टाकते, सोमवारी सकाळी पाठवायचाय.

"डिअर सर, वी सेंट द सॅम्पल्स ऑन थर्सडे. वी हॅव नॉट रिसीव्हड द रेसिड्यू रिपोर्ट. द बायर वॉन्ट्स टू सी इट बिफोर लोडिंग. प्लीज सेंड द रिपोर्ट टिल वेन्सडे. प्लीज ऑल्सो टेल अस व्हेन वी कॅन सेंड द नेक्स्ट सॅम्पल्स."

जरीकाठ | शनिवार, रात्री ९:३१

पोटातला प्रश्न बरोबर! माझ्याकडून पैकीच्या पैकी.

पाटीपेन्सिल | रविवार, सकाळी ६:५०

'सेंट', 'हॅव नॉट रिसीव्हड', 'वॉन्ट्स', तिन्ही आपापल्या जागी. दुसऱ्या वाक्याच्या शेवटी "येट" घाला, 'अजून मिळाला नाही' यातला 'अजून' तिथे येईल. एकच शब्द बदला, 'टिल'. बुधवारपर्यंत पाठवा म्हणजे बुधवार ही शेवटची मुदत, त्याआधी कधीही एकदा पाठवला की काम झालं. त्याला 'बाय' : "बाय वेन्सडे". 'टिल' लिहिलंत तर बुधवार उजाडेपर्यंत सारखे रिपोर्ट पाठवत राहा असा अर्थ होतो.

द्राक्षवेल | रविवार, सकाळी ८:१५

म्हणजे 'बुधवारपर्यंत ऑफिस बंद आहे', इथे 'टिल'?

पाटीपेन्सिल | रविवार, सकाळी ८:२२

हो. तिथपर्यंत सलग चालू राहणारं असेल तर 'टिल' किंवा 'अनटिल'. "द ऑफिस इज क्लोज्ड अनटिल वेन्सडे." पण मग बुधवारी उघडं की बंद, याबद्दल वाचणाऱ्याचा घोळ होऊ शकतो, म्हणून पुढे "वी विल रीओपन ऑन थर्सडे" असं स्वच्छ लिहून टाकायचं.

खडीसाखर | रविवार, सकाळी ८:४०

सर, मुलीच्या वहीत पुढचा धडा 'मच' आणि 'मेनी'चा आहे. नवीन धागा काढू की इथेच विचारू?

पाटीपेन्सिल | रविवार, सकाळी ८:४४

इथेच विचारा. सामान आणि सल्ला लक्षात आहेत ना? मोजता येत नाही त्याला 'मच', मोजता येतं त्याला 'मेनी'. वहीतली वाक्यं टाका, बघू.